मुदतवाढीने आटलेले संशोधन

२०२५ च्या जुलै महिन्यात केंद्र सरकारने दहा दिवसांच्या अंतराने दोन निर्णय घेतले. १ जुलै रोजी मंत्रिमंडळाने खासगी क्षेत्रातील संशोधनाला चालना देण्यासाठी एक लाख कोटी रुपयांच्या निधीला मंजुरी दिली. दीर्घ मुदतीची, अल्प व्याजाची किंवा बिनव्याजी कर्जे देऊन उद्योगांना प्रयोगशाळेकडे वळवावे, हा त्यामागील हेतू. आणि ज्या क्षेत्रांना प्राधान्य द्यावयाचे त्यांत ऊर्जाक्षेत्राचाही समावेश. ११ जुलै रोजी पर्यावरण मंत्रालयाने अधिसूचना काढून कोळशावर चालणाऱ्या बहुसंख्य वीजकेंद्रांना धुरातील गंधक काढून टाकणारी यंत्रणा बसविण्याच्या बंधनातून मुक्त केले. पहिल्या निर्णयाची चर्चा अर्थकारणाच्या अंगाने झाली, दुसऱ्याची प्रदूषणाच्या अंगाने. या दोहोंचा परस्परांशी काही संबंध असेल, हा विचार मात्र बाजूलाच राहिला. वस्तुतः तो संबंध फार निकटचा आहे. एका हाताने संशोधनासाठी पैसा पुढे करावयाचा आणि दुसऱ्या हाताने संशोधन करण्याचे कारणच काढून घ्यावयाचे, असा हा प्रकार आहे.

कारखानदार संशोधनावर पैसा का खर्च करतो, या साध्या प्रश्नापासून आरंभ करणे इष्ट होईल. औषध बनविणारी कंपनी नवे औषध शोधते, कारण त्याला ग्राहक जादा किंमत देतो. विजेचे तसे नाही. जुनाट केंद्रातून आलेली वीज आणि अद्ययावत केंद्रातून आलेली वीज दिव्यात सारखाच उजेड पाडते. शिवाय आपल्याकडे विजेचा दर नियामक आयोग ठरवितो. कंपनीने केलेला रास्त खर्च आणि त्यावरचा ठरावीक परतावा तिला मिळतो. संशोधन करून खर्च वाचविला तर त्या बचतीचा मोठा हिस्सा आज ना उद्या दरातून निघून जातो, आणि प्रयोग फसला तर मात्र तो खर्च मान्य होईलच याची शाश्वती नसते. अशा स्थितीत वीजकंपनीचा व्यवस्थापक प्रयोगशाळेच्या वाटेला जात नसेल तर त्याला दोष देण्यात अर्थ नाही. जगभरच वीजधंदा हा आपल्या उलाढालीचा अत्यल्प भाग संशोधनावर खर्च करणारा धंदा म्हणून ओळखला जातो. या क्षेत्रातील संशोधन प्रामुख्याने होते ते वीजकंपनीला बॉयलर, जनित्रे, गाळण्या पुरविणाऱ्या यंत्रनिर्मात्यांकडे. त्यांना एकच गोष्ट हवी असते: आपण जे यंत्र आज शोधू ते पाच वर्षांनी कोणीतरी विकत घेईल, याची खात्री. धूर स्वच्छ करणारे यंत्र कोणी हौसेने विकत घेत नाही. ती बाजारपेठ कायदाच निर्माण करतो.

या म्हणण्याला इतिहासाचा आधार भक्कम आहे. धुरातील गंधक काढण्याची विद्या काही कालपरवाची नव्हे. लंडनच्या थेम्सकाठी बॅटरसी येथे जे वीजकेंद्र उभे राहिले, तेथे १९३० च्या दशकातच धूर पाण्याने धुऊन त्यातील सल्फर डायऑक्साइड काढण्याची व्यवस्था होती. राजधानीच्या मध्यवस्तीत एवढे मोठे केंद्र उभारू देण्यास लोकांचा विरोध होता, आणि तो विरोध शमविण्यासाठीच ही सोय करावी लागली होती. म्हणजे रसायनशास्त्र ठाऊक होते, यंत्र चालते हेही दिसले होते. तरीही पुढची तीसेक वर्षे ही विद्या जवळजवळ जागच्या जागी राहिली. लंडनमध्ये १९५२ साली विषारी धुक्याने हजारो माणसे दगावली. त्यानंतर १९५६ चा कायदा आला, पण त्यानेही भर दिला तो धूररहित इंधनावर आणि उंच धुराड्यांवर. यंत्राची गरजच कोणाला पडली नाही, म्हणून ते सुधारण्याची गरजही कोणाला पडली नाही.

गरज पडली ती अमेरिकेत १९७० चा स्वच्छ हवा कायदा झाल्यावर. त्या कायद्यानुसार १९७१ अखेरीस नव्या वीजकेंद्रांसाठी गंधकाची मर्यादा ठरविण्यात आली आणि वीजकंपन्यांनी एकच गहजब केला. तो सर्वस्वी खोटा होता असे नाही. त्या काळी चुनखडीचे पीठ पाण्यात कालवून त्याच्या फवाऱ्यातून धूर नेत असत. नळ्यांत खपली धरे, तोट्या तुंबत, यंत्र आठवड्यातून अनेकदा बंद पडे आणि खाली उरलेल्या चिखलाचे काय करावे हे कोणालाच कळत नसे. अमेरिकन इलेक्ट्रिक पॉवर या बलाढ्य कंपनीने १९७४ मध्ये वृत्तपत्रांतून मोठमोठ्या जाहिराती देऊन ही यंत्रणा अव्यवहार्य असल्याचे जनतेला सांगितले. परंतु सरकार हटले नाही. १९७७ ची दुरुस्ती तर अधिकच कडक होती. मग जे व्हावयाचे तेच झाले. खपली का धरते याचा अभ्यास झाला, टाकीत हवा फुंकून चिखलाचे जिप्सम करण्याची युक्ती रुळली, आणि जे यंत्र रडतखडत चालत असे ते ९५ टक्क्यांहून अधिक गंधक बिनबोभाट काढू लागले. ज्या कंपनीने जाहिराती दिल्या होत्या, तिनेच वीस वर्षांनी ओहायो राज्यातील आपल्या गॅव्हिन केंद्रावर ही यंत्रणा बसविली.

या कालखंडाचा बारकाईने अभ्यास मार्गारेट टेलर, एडवर्ड रुबिन आणि डेव्हिड हाउन्शेल या तिघा संशोधकांनी केला आहे. त्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासूनची या विषयावरील अमेरिकन पेटंटे तपासली. त्यांचा निष्कर्ष सरकारी तिजोरीतून संशोधनाला मदत करणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावा असा आहे. कायदा होण्यापूर्वीही सरकारने या संशोधनावर पैसा खर्च केलेला होता. पण पेटंटांची संख्या त्याने हलली नाही. ती एकदम चढली ती १९७० च्या सुमारास. पैसा असून शोध लागले नाहीत, ते बंधन येताच लागू लागले. हे शोध बव्हंशी यंत्रनिर्मात्यांचे होते, वीजकंपन्यांचे नव्हते, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. रुबिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे असाही हिशेब मांडला की, जगात अशा यंत्रणांची एकूण क्षमता जेव्हा जेव्हा दुप्पट झाली, तेव्हा तेव्हा त्यांचा भांडवली खर्च सुमारे ११ टक्क्यांनी घटला. याचा अर्थ असा की यंत्रणा स्वस्त होईपर्यंत थांबू म्हणणाऱ्याच्या दारी ती कधीच स्वस्त होत नाही.

पश्चिम जर्मनीने हीच गोष्ट अधिक झपाट्याने केली. तेथील जंगले आम्लयुक्त पावसाने मरू लागल्याची भीती देशभर पसरली, आणि १९८३ साली मोठ्या भट्ट्यांसाठी असा नियम झाला की जुन्या केंद्रांनीही १९८८ च्या मध्यापर्यंत गंधक काढलेच पाहिजे. पाच वर्षांत ते काम झाले. जिप्समचा इतका साठा होऊ लागला की त्यापासून घरांच्या भिंतींचे तक्ते बनविण्याचा धंदा भरभराटीला आला. जपानमध्ये योक्काइची येथील दम्याच्या रोग्यांनी कारखान्यांविरुद्धचा खटला १९७२ साली जिंकला, आणि पुढे कारखान्यांवर त्यांनी सोडलेल्या गंधकाच्या प्रमाणात आकार बसविण्यात आला. हा आकार वाचविण्यासाठी जपानी उद्योगांनी जे शिकून घेतले ते आजतागायत जगाला विकले जात आहे. त्याच्या ग्राहकांत भारतही आहे. त्याविषयी पुढे येईल.

तथापि नियम केला की संशोधन आपोआप फळते, अशी भाबडी समजूत करून घेण्याचेही कारण नाही. नियम काय मागतो यावर संशोधन काय देते हे ठरते. डेव्हिड पॉप या अर्थशास्त्रज्ञाने २००३ साली दाखवून दिले की, १९९० पूर्वीच्या अमेरिकन पेटंटांनी यंत्र स्वस्त केले, पण ते अधिक गंधक काढू लागले नाही. कारण कायद्याने ठरावीक टक्केवारी मागितली होती, तिच्या पलीकडे जाण्यात कोणाचाच लाभ नव्हता. १९९० मध्ये प्रदूषणाच्या परवान्यांची खरेदी-विक्री करण्याची मुभा देणारा कायदा आला, आणि एक टन जास्त गंधक काढले तर तो परवाना विकता येऊ लागला. तेव्हापासूनचे शोध यंत्राची ताकद वाढविणारे निघाले. याच कथेची दुसरी बाजू टेलर यांनी नंतर मांडली: परवान्यांचा भाव अपेक्षेपेक्षा फार खाली राहिला आणि या विषयावरील पेटंटांची एकूण संख्या रोडावली. बऱ्याच कंपन्यांनी संशोधनाची यातायात करण्याऐवजी पश्चिमेकडच्या वायोमिंग राज्यातून कमी गंधकाचा कोळसा रेल्वेने मागविला. त्यांचे काही चुकले नाही. हवा स्वच्छ झाली, तीही स्वस्तात. पण स्वस्त मार्ग हाताशी असेल तर नवा मार्ग कोणी शोधणार नाही, एवढे त्यातून घ्यावयाचे.

भारतातील आपला स्वतःचा अनुभव याहून बोलका आहे. २०१५ पर्यंत आपल्याकडे वीजकेंद्रांच्या धुरातील गंधकाला मर्यादाच नव्हती. मर्यादा होती ती धुराड्याच्या उंचीची. २०० मेगावॉटपासून ५०० मेगावॉटच्या आतील संचाला २२० मीटर आणि ५०० मेगावॉट व त्याहून मोठ्याला २७५ मीटर. नियमाने उंची मागितली, उंची मिळाली. कोराडी-खापरखेड्यापासून चंद्रपूरपर्यंत विदर्भाच्या सपाटीवर मैलोगणती दिसणारी ती धुराडी हे त्या नियमाचे फळ. आपले स्थापत्य अभियंते उत्तुंग धुराडी बांधण्यात निष्णात झाले आणि धूर शेजारच्या जिल्ह्यात गेला.

७ डिसेंबर २०१५ रोजी हे बदलले. पर्यावरण मंत्रालयाने राख, गंधक, नायट्रोजनची ऑक्साइडे, पारा आणि पाण्याचा वापर या सर्वांवर मर्यादा घातल्या आणि दोन वर्षांची मुदत दिली. ५०० मेगावॉट व त्यावरील जुन्या संचांना दर घनमीटर धुरात २०० मिलिग्रॅम सल्फर डायऑक्साइड, त्याहून लहानांना ६००, आणि २०१७ पासून उभ्या राहणाऱ्यांना १०० अशी ती मर्यादा होती. दोन वर्षांत एवढे काम होणे कठीण, हे त्याच दिवशी सर्वांना ठाऊक होते. २०१७ चा डिसेंबर आला तेव्हा टप्प्याटप्प्याने २०२२ पर्यंत मुदत वाढली. एप्रिल २०२१ मध्ये केंद्रांचे तीन वर्ग पाडून ती २०२२, २०२३ आणि २०२४ अशी झाली. सप्टेंबर २०२२ मध्ये आणखी दोन वर्षे. डिसेंबर २०२४ मध्ये आणखी तीन. आणि २०२५ च्या जुलैत सुमारे ७८ टक्के क्षमतेला सूटच. तोवर पाचशेहून अधिक संचांपैकी चाळीसच्या आसपास संचांवर यंत्रणा बसली होती.

या दहा वर्षांत संशोधनाचे काय झाले? भारत हेवी इलेक्ट्रिकल्स अर्थात ‘भेल’ ही आपली सर्वांत मोठी वीजयंत्रे बनविणारी कंपनी. संशोधनावर खर्च करण्याच्या बाबतीत सार्वजनिक क्षेत्रात तिचा क्रम बराच वर लागतो. गंधक काढण्याची विद्या मात्र तिने २०१३ मध्ये जपानच्या मित्सुबिशी समूहाकडून परवान्यावर घेतली. यात लाजण्यासारखे काही नाही. जपाननेही प्रारंभी बरेच काही बाहेरूनच घेतले होते. प्रश्न असा की घेतलेली विद्या आपली करून घेण्यासाठी जी दुसरी पायरी चढावी लागते ती का चढली गेली नाही? नायट्रोजनच्या ऑक्साइडांसाठी लागणारे उत्प्रेरक देशात बनविण्याचा कारखाना भेलने बंगळुरू येथे काढला. पण २०२० मध्ये त्या वायूंची मर्यादा २००४ ते २०१६ या काळातील संचांसाठी ३०० वरून ४५० मिलिग्रॅमवर सैल करण्यात आली, आणि ज्या यंत्रणेसाठी उत्प्रेरक लागतो ती यंत्रणाच पुष्कळांना अनावश्यक ठरली. आता एखाद्या यंत्रनिर्मात्या कंपनीच्या संचालक मंडळासमोर बसलेल्या संशोधन-प्रमुखाची कल्पना करावी. आपल्या कोळशाला साजेशी स्वस्त यंत्रणा काढू, पाच वर्षे लागतील, असे तो म्हणतो. अध्यक्ष एकच प्रश्न विचारतात: पाच वर्षांनी हा नियम असेल काय? या प्रश्नाला प्रामाणिक माणसाकडे उत्तर नसते. आणि उत्तर नसले की अंदाजपत्रकातली ती ओळ खोडली जाते.

याहून वाईट गोष्ट म्हणजे शिस्तीने वागणारा फसला. एनटीपीसीने आपल्या केंद्रांसाठी मोठ्या प्रमाणावर यंत्रणा मागविल्या. काही ठिकाणी त्या उभ्याही राहिल्या. ज्यांनी काहीच केले नाही, मुदतवाढीसाठी अर्ज केले आणि युनिटमागे काही पैशांच्या दंडाचा हिशेब मांडून स्वस्थ बसले, ते शेवटी शहाणे ठरले. पुढच्या वेळी नियम निघेल तेव्हा कोण कोणाचे अनुकरण करील?

संशोधन अजिबात झाले नाही असे मात्र म्हणता येणार नाही. ते झाले, पण नियम कसा पाळावा याचे नव्हे. नियम हवाच कशाला, याचे. नागपूरची राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणजे ‘नीरी’, दिल्लीची आयआयटी आणि बंगळुरूची राष्ट्रीय प्रगत अध्ययन संस्था यांनी केलेल्या अभ्यासांचा आधार सवलतीसाठी घेण्यात आला. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, ते झटकून टाकता येणार नाही. आपल्या कोळशात गंधक अर्ध्या टक्क्याच्या आसपास, राख मात्र ३५ ते ४५ टक्के. हवेतील सल्फर डायऑक्साइड बहुतेक ठिकाणी मर्यादेच्या आतच आढळतो. यंत्रणेला वीज लागते, चुनखडी लागते, चुनखडीतून पुन्हा कार्बन डायऑक्साइड निघतो, आणि अडीच लाख कोटींच्या घरात जाणारा खर्च शेवटी ग्राहकाच्या बिलात येतो. उलट बाजूचे तज्ज्ञ दाखवून देतात की हा वायू हवेत तसाच राहत नाही. त्याचे सूक्ष्म सल्फेटकण होतात, ते शेकडो किलोमीटर प्रवास करतात, आणि धुराड्याजवळ मोजमाप करून त्यांचा पत्ता लागत नाही. हा वाद शास्त्रज्ञांचा आहे आणि तो त्यांनी घालावा. परंतु तो २०१५ पूर्वी घालावयाचा होता. नियम कडक वाटला तर २०१७ मध्ये एकदाच, उघडपणे, कारणे देऊन सौम्य करता आला असता, आणि मग त्या सौम्य नियमावर ठाम राहता आले असते. चुकीच्या नियमानेही संशोधनाची एवढी हानी होत नाही, जेवढी दर दोन वर्षांनी हलणाऱ्या नियमाने होते.

किंबहुना कमी गंधक आणि भरमसाट राख हे आपल्या कोळशाचे वैशिष्ट्य संशोधनाला आमंत्रणच होते. गंधक कमी असले की राखेचे कण विजेच्या गाळणीत नीट पकडले जात नाहीत, हे या क्षेत्रातील अभियंत्याला ठाऊक असते. म्हणजे राख आणि गंधक हे आपल्यापुरते दोन वेगळे प्रश्न नाहीत. जर्मनी-जपानची यंत्रणा अधिक गंधकाच्या कोळशासाठी बेतलेली. आपल्याला कदाचित निम्मे किंवा दोनतृतीयांश गंधक काढणारी, कोरड्या चूर्णावर चालणारी, पाणी न पिणारी, पाव किमतीची यंत्रणा पुरली असती. २०१५ चा नियम मुळात यंत्राचे नाव घेत नव्हता, तो फक्त मिलिग्रॅम सांगत होता. त्यामुळे अशा शोधाला वाव होता. सरकारी बैठकांत मात्र त्या नियमाचा अर्थ ‘एफजीडी बसवा’ एवढाच उरला, आणि एफजीडी म्हणजे जी आयात होते ती. दहा वर्षे हा काही लहान काळ नव्हे. खपली धरणाऱ्या नळ्यांपासून निर्दोष यंत्रापर्यंतची मोठी मजल अमेरिकेने साधारण एवढ्याच काळात मारली होती.

आपल्या देशात असे होतच नाही, हे उत्तर येथे चालणार नाही. वीजकेंद्रांचा नियम निघाल्यानंतर बरोबर एका महिन्याने, ६ जानेवारी २०१६ रोजी, केंद्र सरकारने वाहनांसाठी आणि त्यांच्या इंधनासाठी बीएस-५ ही पायरी गाळून १ एप्रिल २०२० पासून थेट बीएस-६ लागू करण्याचे जाहीर केले. पेट्रोल आणि डिझेल यांतील गंधक दशलक्ष भागांत ५० वरून १० भागांवर आणावयाचे होते. तेलकंपन्यांचा त्यासाठीचा खर्च तीस हजार कोटींच्या आसपास गेला. कुरकुर येथेही झाली. पण या तारखेवर विश्वास बसण्यास कारण होते: सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१७ मध्ये बीएस-३ च्या गाड्यांची विक्री एका फटक्यात थांबविली होती, आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये बीएस-४ च्या गाड्या ३१ मार्च २०२० नंतर विकता येणार नाहीत असे निक्षून सांगितले. मुंबईत माहुल येथील दोन्ही तेलशुद्धीकरण कारखान्यांसह देशभरच्या कारखान्यांनी वेळेवर नवे इंधन दिले. यातले बरेचसे तंत्र परदेशी परवान्यावर आले, हे खरे. पण इंडियन ऑइलच्या फरिदाबाद येथील १९७२ पासूनच्या संशोधन केंद्राला प्रथमच असे गिऱ्हाईक मिळाले की ज्याला थांबणे परवडत नव्हते. पेट्रोलमधील गंधक काढण्याची ‘इंडॅडेप्ट’ ही त्यांची पद्धत गुवाहाटीच्या कारखान्यात बसली, आणि ‘इंडिकॅट’ नावाचे डिझेलसाठीचे उत्प्रेरक परदेशी उत्प्रेरकांच्या जागी वापरले जाऊ लागले. एकच देश, एकच गंधक, एकाच हिवाळ्यात निघालेले दोन आदेश. एका तारखेवर लोकांनी विश्वास ठेवला, दुसरीवर ठेवला नाही.

महाराष्ट्राला तर हे शिकण्यासाठी दिल्लीकडेही पाहावयास नको. तुर्भ्याला टाटांच्या वीजकेंद्रात समुद्राच्या पाण्याने धूर धुण्याची यंत्रणा ऐंशीच्या दशकात आली, कारण चेंबूर-माहुलची हवा त्या वेळीच इतकी बिघडली होती की नव्या संचाला तसा परवाना देणे अशक्य होते. डहाणूची कहाणी अधिक लांबलेली. १९९१ साली डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून घोषित झाला. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १९९६ मध्ये नेमलेल्या आणि न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखालील प्राधिकरणाने ५०० मेगावॉटच्या केंद्राला गंधक काढण्याची यंत्रणा बसविण्याचा आदेश १९९९ मध्ये दिला. कंपनीने हरकती घेतल्या, तांत्रिक अडचणी सांगितल्या, मालकी बदलली. प्राधिकरण मात्र बदलले नाही. त्याने मोठ्या रकमेची बँक हमी मागितली. २००७ मध्ये यंत्रणा चालू झाली. चिकूच्या बागायतदारांनी आणि मूठभर कार्यकर्त्यांनी जे तडीस नेले, ते साऱ्या देशासाठी निघालेल्या अधिसूचनेला साधले नाही.

राहता राहिला एक लाख कोटींचा निधी. संशोधनाला सवलत देण्याचा मार्ग आपण पूर्वीही चोखाळला आहे. कारखान्याच्या स्वतःच्या प्रयोगशाळेवरील खर्चाच्या दुप्पट रक्कम आयकरातून वजा करण्याची मुभा मार्च २०१७ पर्यंत होती. ती दीडपट झाली आणि एप्रिल २०२० पासून एकपटीवर आली. दुप्पट वजावटीच्या काळातही देशाचा संशोधनावरचा खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या पाऊण टक्क्याच्या आसपासच घोटाळत राहिला. औषधकंपन्यांनी त्या सवलतीचा लाभ घेतला, कारण त्यांचा माल विकला जाणार होता. कोळशाच्या धुरावर काम करणारा आज या निधीकडे अर्ज घेऊन गेला तर कर्ज बिनव्याजी असले तरी ते फेडावयाचे कशातून, हा प्रश्न त्याच्यापुढे उभा राहील. ज्या ७८ टक्के केंद्रांना सूट मिळाली त्यांच्यावर आता एकच अट आहे: २०२९ अखेरपर्यंत धुराड्याची उंची नियमाप्रमाणे असावी. ऐंशीच्या दशकातील नियम पुन्हा जागेवर आला आहे.

उरलेल्यांपैकी अतिप्रदूषित क्षेत्रांजवळच्या केंद्रांचा निर्णय एकेका केंद्रापुरता व्हावयाचा आहे. चंद्रपूरकरांना त्याची वाट पाहावी लागेल. आणि दिल्ली परिसर किंवा दहा लाखांवर वस्तीची शहरे यांच्यापासून दहा किलोमीटरच्या आतील केंद्रांना, म्हणजे सुमारे ११ टक्के क्षमतेला, ३१ डिसेंबर २०२७ ही तारीख दिलेली आहे. २०१५ च्या नियमाची ही आणखी एक तारीख. यंत्रे बनविणाऱ्या कंपन्यांपैकी तिच्या भरवशावर किती जणांनी प्रयोगशाळेत नवी माणसे नेमली, हे त्यांच्या पुढील दोन वर्षांच्या ताळेबंदांत दिसून येईल.